कोंबडा (औषध) व गोळ्यांचे पाकीट गहाळ झाल्याबाबत

जबाब
पोलीस दूरक्षेत्र, जांभूळबारी, जि. नंदुरबार
दि. १२/०२/२०२६, सायंकाळी

मी, शबाना जहीर पिंजारी, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी (स्त्री अधीक्षिका, अनुदानित आश्रमशाळा, जांभूळबारी), मूळ राहणार तळोदा, सध्या राहणार शाळेच्या आवारातील खोली. आज स्वतःहून दूरक्षेत्रात येऊन हवालदार दिलवरसिंग गिरासे यांच्यासमोर बसून सांगते की,

मी कोंबडा चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आले आहे, असे हवालदारांनी सुरुवातीला लिहिले होते. ते खोडायला लावले आहे. माझ्या ताब्यातील दोन औषधे गहाळ झाली आहेत. त्यातले एक औषध कोंबडा होते, हा भाग वेगळा. हवालदार म्हणाले, "ताई, कोंबडा औषध कसा व्हई?" त्याचे उत्तर पुढे येते, तोवर त्यांनी लिहीत राहावे.

मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या जूनपासून संस्थेने विद्यार्थ्यांना औषध देण्याचे नियम लावून दिले आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि पालकांच्या संमतीशिवाय साधी तापाची गोळीही द्यायची नाही. घरून आणलेले कोणतेही औषध अधीक्षिकेकडे जमा करायचे, त्यावर मुलीचे नाव, आजार आणि देण्याची पद्धत लिहायची, कुलपात ठेवायचे. देताना दुसरे मोठे माणूस समोर हवे आणि गिळल्यावर मुलीचे तोंड उघडून बघायचे. नियम लिहिणाऱ्याने "कोणतेही औषध" असे लिहिले आहे. औषधाला पाय नसावेत असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

आमच्याकडे आठवीत रिना वीरसिंग पावरा, वय १३, ही मुलगी आहे. तिचा पाडा तोरणमाळच्या वरच्या अंगाला आहे. तिला फिट येते. मागच्या वर्षी हातपंपावर फिट येऊन पडली आणि पुढचा दात तुटला. दाताचे तिला फारसे काही वाटले नाही, तेवढ्यात तिचा नंबर दुसरीने घेतला याचा राग मात्र तिने आठवडाभर धरला. मी तिला तळोद्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एक गोळी लिहून दिली आणि बजावले की एकही वेळ चुकवायची नाही, मध्येच बंद केली तर फिट आधीपेक्षा जोरात येईल. दिवाळीच्या सुट्टीनंतर गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून तिला एकदाही फिट आलेली नाही. हे सांगताना मला बरे वाटते, आणि आज भीतीही तेवढीच वाटते. दोन्ही गोष्टी लिहाव्यात.

संक्रांतीनंतर रिनाचे वडील वीरसिंगभाऊ शाळेत आले. त्यांच्या काखेत कोंबडा होता. त्यांच्या पाड्यावरील बडवा, म्हणजे दुखणे बघणारा जाणता माणूस, जामसिंग याने तो रिनावरून उतरवून दिला होता. होळीपर्यंत तो रिनाजवळ ठेवायचा, रोज सकाळी तिने त्याला बघायचे आणि होळीला तो देवाला द्यायचा, असा नवस होता. मुख्याध्यापक हिलाल पाटील सर, मूळ राहणार कोरीट, म्हणाले की वसतिगृहात जनावर चालणार नाही. वीरसिंगभाऊ म्हणाले, "मॅडम, गोळी तुमची, कोंबडा आमचा. दोन्ही राहतील, नायतर दोन्ही नाय. पोरगी पण नाय." ते शांतपणे म्हणाले, पण ते खरे करतील हे मला दिसत होते. त्यांचे कुटुंब उसतोडीला गुजरातमध्ये जाते. रिना तिकडे गेली तर गोळी कोण देणार आणि कोण आणणार?

मी पाटील सरांना म्हटले, हे जनावर नाही, हे घरून आणलेले औषध आहे. त्यावर सर हसून म्हणाले, "औषध शे ना? मंग नियमप्रमाणे जमा करा ना कपाटमा!" सरांनी ते हसण्यावारी म्हटले. मी तो आदेश समजून पाळला, कारण मुख्याध्यापकांचा तोंडी आदेशही आदेशच असतो, हे सर दर सोमवारी प्रार्थनेनंतर आम्हाला सांगतात.

कोंबडा कपाटात मावत नव्हता. म्हणून ऑफिसच्या मागच्या ओट्यावर जाळीचा खुराडा करून घेतला, त्याला कुलूप लावले आणि चावी औषधांच्या कपाटाच्या चावीला जोडली. थंड व कोरडी जागा आणि मुलांच्या हाती लागणार नाही, या दोन्ही गोष्टी बघितल्या. त्याच्या पायाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. त्यावर असे लिहिले होते: रिना पावरा, आठवी. आजार: फिट. पद्धत: रोज सकाळी एकदा बघणे. मुदत: होळीपर्यंत. विचारल्यावरून सांगते की, रोज सकाळी स्वयंपाकीण मीनाबाई दुसरे मोठे माणूस म्हणून उभी राहत असे. गोळी गिळल्यावर रिनाचे तोंड उघडून बघितले जाई. कोंबडा बघितल्यावर तोंड बघत नसू.

गेल्या मालाचे वर्णन विचारल्यावरून सांगते की, गावठी, तांबडा, शेपटीत काळी पिसे, तुरा एका बाजूला पडलेला. स्वभाव तापट. मुली त्याला डॉक्टर म्हणत. आमच्याकडे खरा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो आणि घाईत असतो. हा रोज हजर असे.

मंगळवारी मी रिनाच्या गोळ्या आणायला सकाळच्या जीपने तळोद्याला गेले. नियमाप्रमाणे माझ्या चाव्या, खुराड्याच्या चावीसह, पाटील सरांकडे दिल्या. दवाखान्यात साठा कमी होता, एकच पाकीट मिळाले. बाकीच्या शुक्रवारी या, म्हणाले. दुपारनंतर परत आले तर खुराडा उघडा होता आणि ओट्यावर तांबडी पिसे पडली होती. चिठ्ठी कचऱ्याच्या बादलीत मिळाली. मला काय झाले ते समजायला वेळ लागला नाही. आवारात मसाल्याचा वास भरून राहिला होता.

मीनाबाईने सांगितले ते असे. मी गेल्यावर तालुक्याहून दोन साहेबांचे तपासणी पथक आले. कशाची तपासणी, तर शाळेत औषधांचे नियम पाळतात की नाही याची. साहेबांनी कपाट बघितले, समाधान व्यक्त केले आणि जेवणाचे काय असे विचारले. पाटील सरांनी मीनाबाईला मागे बोलावून खुराड्याचे कुलूप काढले. ती म्हणाली, "सर, हाऊ रिनाना कोंबडा शे. मॅडम माले सोडतीन का?" सर म्हणाले की होळी जवळ आली आहे, मुदत संपत आलेली औषधे शाळेत ठेवता येत नाहीत, त्यांची विल्हेवाट लावावी लागते. मीनाबाईने रागाने तिखट दुप्पट टाकले. साहेबांना तीच भाजी फार आवडली. पथकाने शेऱ्यात "औषध व्यवस्था उत्तम" असे लिहिले आहे. पथक जे तपासायला आले होते ते खाऊन गेले, हे माझे म्हणणे आहे, आणि ते अतिशयोक्ती म्हणून गाळू नये.

मी पाटील सरांशी भांडले. काय बोलले ते सगळे लिहिण्यासारखे नाही. सर म्हणाले, दुसरा कोंबडा आणून बांधू, वीरसिंगला काय कळणार आहे. मी वीरसिंगभाऊंना खरा निरोप पाठवला. रिनाला मीच सांगितले. तिने संध्याकाळी गोळी घेतली, तोंड उघडून दाखवले आणि जेवायला गेली नाही.

आज सकाळी वीरसिंगभाऊ डोंगर उतरून आले. ऑफिसात पाटील सरांसमोर उभे राहून त्यांनी बडव्याचा निरोप सांगितला. आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "जामसिंग बोलला, पोरीचं दुखणं कोंबड्यात उतरलेलं. होळीला देवाला दिलं असतं म्हणजे सुटलं असतं. आता ज्यानं खाल्लं त्याच्या पोटात गेलं." एवढे बोलून ते बाहेर जाऊन वडाखाली बसले.

पाटील सर बी.एस्सी. बी.एड. आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनावर त्यांचे दरवर्षी भाषण असते आणि ते चांगले होते. निरोप ऐकल्यावर ते दोन ग्लास पाणी प्यायले. थोड्या वेळाने ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "मॅडम, मन्हं डोकं गरगर करी ऱ्हायनं. ती रिनानी गोळी मोठा माणूसले चालस का?" मी सांगितले की एकाचे औषध दुसऱ्याला देता येत नाही. ते म्हणाले, एकच, आधीच घेतलेली बरी. मी म्हटले, डॉक्टरची चिठ्ठी आणा आणि वडिलांची संमती आणा. ते म्हणाले, वडील वारले. मी म्हटले, मग नियमात बसत नाही. हे बोलताना मला गंमत वाटत होती, हे कबूल करते. ती गंमत मला फार महागात पडली.

दुपारी पाटील सर मीटिंग आहे असे सांगून मोटारसायकलवर तळोद्याच्या दिशेने गेले. तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाही. संध्याकाळी गोळीची वेळ झाली म्हणून मी कपाट उघडले, तर रिनाच्या नावाचे पाकीट जागेवर नव्हते. कुलूप शाबूत होते. दुसरी चावी पाटील सरांकडे असते. जागेवर कात्रीने कापलेला पाकिटाचा कडेचा तुकडा पडला होता. मी कपाट रिकामे केले, खाली वाकून बघितले, गादी झटकली. रिना दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिने विचारले, "मॅडम, संपल्या का?" मला तिच्याकडे बघवेना.

जवळच्या आरोग्य केंद्रात ही गोळी ठेवत नाहीत. तळोद्याची जीप आता सकाळीच. औषध गहाळ झाल्यास लगेच पोलिसांना कळवावे, असाही नियम आहे, पण मी नियमासाठी आलेली नाही. आज रात्रीची गोळी चुकली तर या मुलीला फिट येईल, आणि आली तर तिचे वडील तिला घेऊन जातील, आणि मी त्यांना थांबवू शकणार नाही. म्हणून रिना व वीरसिंगभाऊ यांना सोबत घेऊन इथे आले. दोघे समोरच्या बाकावर बसले आहेत.

विचारल्यावरून सांगते की, सदर गोळी पांढरी, गोल, मध्ये रेघ असलेली आहे.

विचारल्यावरून सांगते की, ती जेवणानंतर घ्यायची असते, उपाशीपोटी नाही. या प्रश्नाचा तपासाशी काय संबंध आहे ते मला समजले नाही.

विचारल्यावरून सांगते की, ज्याला कधीच फिट आलेली नाही अशा वजनदार माणसाने ती घेतली तर काय होते, ते मला माहीत नाही. झोप येते असे ऐकले आहे.

विचारल्यावरून सांगते की, बडव्याच्या म्हणण्याप्रमाणे भाजीतला फक्त रस्सा घेतला असेल तर दुखणे लागते की नाही, हे बडव्यालाच विचारावे लागेल. त्याचा पाडा लांब आहे आणि तिथे गाडी जात नाही.

यानंतर हवालदारांनी वीरसिंगभाऊंना विचारले की कोंबड्याची भरपाई म्हणून काय लिहू. वीरसिंगभाऊ म्हणाले, "कोंबडा राहू द्या. होळीला दुसरा देईन. गोळी कोणी नेली ते लिहा." मी त्यांना म्हटले, भाऊ, तुम्ही तर कोंबड्यासाठी मुलगी नेणार होता. त्यावर ते जे बोलले ते मी सांगते तसेच लिहावे. ते म्हणाले, "मॅडम, फिट दिवाळीपासून बंद. कोंबडा संक्रांतीनंतर आला. मला काय कळत नाय? कोंबडा गुलाबबाईसाठी होता. रिनाच्या आईला रात्री झोप येत नव्हती. पोरगी एवढ्या लांब, पडली तर कोण बघेल. कोंबडा जवळ आहे सांगितलं की झोपायची. ते तिचं औषध होतं."

मला हे माहीत नव्हते. मी चिठ्ठीवर रिनाचे नाव लिहिले होते. मला रडू आले, हे हवालदारांनी बघितले आहे, म्हणून लपवत नाही.

मग वीरसिंगभाऊंनी मला विचारले, "तुम्हाला कोंबडा सांभाळता आला नाय. गोळी सांभाळता आली नाय. पोरगी कशी सांभाळणार?" हा प्रश्नही मी हवालदारांना तसाच लिहायला लावला आहे.

मंगळवारी जेवायला कोण कोण होते असे हवालदारांनी अजूनपर्यंत विचारलेले नाही. न विचारताच सांगते. मीनाबाईने चार ताटे वाढली. दोन पथकाचे साहेब, तिसरे पाटील सर. चौथे ताट हवालदार दिलवरसिंग गिरासे यांचे होते. पथकाच्या बंदोबस्ताला म्हणून ते आले होते आणि त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

इथे हवालदारांनी पेन खाली ठेवले व म्हणाले, "ताई, हाई लिखानी गरज शे का?" मी म्हटले, आहे. ते म्हणाले, हा गोपनीय भाग आहे. मी म्हटले, मग मी सही करणार नाही. मग त्यांनी पेन उचलून वरील मजकूर लिहिला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

मी त्यांना विचारले की, दुपारी तळोद्याला जाताना पाटील सर या दूरक्षेत्रावर थांबले होते का. हवालदार म्हणाले, जबाब तुमचा आहे, माझा नाही. मी म्हटले, थांबले होते का. रिना बाकावरून उठून टेबलाजवळ आली आणि उभी राहिली. तिने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसले आणि हवालदारांकडे बघितले. एवढ्या लहान मुलीला समोर उभी बघून मोठी माणसे नजर कुठे ठेवावी ते विसरतात. हवालदार छताकडे बघू लागले.

मग त्यांनी वर्दीच्या खिशाचे बटण काढले. आत कात्रीने कापलेल्या, अजून न फोडलेल्या दोन गोळ्या होत्या. त्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "पाटीलसर दी गया. बोलनात रातले जेवाननंतर घी ल्या. मी अजून घिदी नही." मी गोळ्या उजेडात धरून बघितल्या. त्याच आहेत. एक आजची, एक उद्या सकाळची. उद्या पहिल्या जीपने मी तळोद्याला जाईन.

रिनाने दुपारच्या जेवणानंतर काही खाल्ले नव्हते, म्हणून हवालदारांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर तिला दिली. ती तिने खाल्ली. मग मी गोळी दिली. दुसरे मोठे माणूस म्हणून हवालदार हजर होते. गिळल्यावर रिनाने तोंड उघडले, ते त्यांनी वाकून नीट बघितले आणि "गई" असे म्हणाले. नंतर त्यांनी मला हळूच विचारले की आता त्यांनी काय करावे. मी म्हटले, होळीला डोंगरावर या, कोंबडा घेऊन या, गुलाबबाईच्या पाया पडा. येतो म्हणाले. हे लिहिले आहे, म्हणजे यावेच लागेल.

पाटील सरांवर काय कारवाई करायची ते कायद्याने ठरवावे. त्यांनी तीन-चार गोळ्या खाल्ल्या असतील तर ते रस्त्याच्या कडेला कुठेतरी झोपले असतील. त्यांना आधी शोधून दवाखान्यात न्यावे, मग पकडावे. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. कपाटाची दुसरी चावी यापुढे माझ्याकडेच राहील, नियम काहीही म्हणोत.

सगळे झाल्यावर वीरसिंगभाऊ उठले. रिनाचे कपडे आणि वह्या भरलेली पिशवी सकाळपासून त्यांच्या खांद्याला होती. आतापर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. ती त्यांनी खांद्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली.

वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. जिथे तसा लिहिला नव्हता तिथे पुन्हा लिहून घेतला आहे. हवालदारांनी तो मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. रिनाने तो तिच्या वडिलांना पावरी बोलीत सांगितला, त्यांनीही मान हलवली. तो बरोबर व खरा आहे.

सही
शबाना जहीर पिंजारी

समक्ष
दिलवरसिंग गिरासे, हवालदार